लेखक दौऱ्यावर आहेत

जगात प्रकाशक पुष्कळ झाले. लेखकांना बुडवणारे झाले, तसे लेखकांपायी बुडालेलेही झाले. पण लेखकाच्या दाढेपासून म्हशीपर्यंत सगळ्याच्या बातम्या वेळच्या वेळी जाहीर करून त्या गडबडीत पुस्तक तेवढं मागे ठेवणारा प्रकाशक एकच झाला, आणि तो माझ्या आत्याच्या नशिबी आला. हेच आमचे आतोबा. हैदराबादेत अफझलगंजच्या एका गल्लीत, मुसी नदीच्या पुलापासून हाकेच्या अंतरावर त्यांचा छापखाना होता. छापखाना म्हणजे पायाने चालवायचं एक यंत्र, शिशाच्या अक्षरांच्या, म्हणजे खिळ्यांच्या, चार तिरक्या पेट्या आणि शाईचा वास. मालक, खिळे जुळवणारा जुळारी आणि हमाल, तिन्ही आतोबाच. औशाकडच्या शेतकरी घरातला हा माणूस. भावांच्या मते तो शहरात जाऊन रद्दी तयार करत असे. लग्नपत्रिका आणि दुकानांची पावतीपुस्तकं यांवर घर चाले, आणि त्या घरातून आत्याचा डोळा चुकवून जे काढता येई त्यावर मराठी साहित्य चाले. कॉलेजसाठी मी त्यांच्याकडे राहायला गेले तेव्हा वडिलांनी बजावून सांगितलं होतं, ‘आत्याला मदत कर आणि आतोबांनी काही वाचायला दिलं तर अभ्यास आहे म्हणून सांग.’

छापखान्याच्या दारात एक काळा फळा टांगलेला असे. वर पांढऱ्या रंगात कायमचं रंगवलेलं: ‘लेखकवार्ता व ग्रंथवार्ता’. खाली रोज सकाळी आतोबा खडूने ताजा मजकूर लिहीत. अंघोळ, देवपूजा एखादे दिवशी चुकेल, फळा चुकायचा नाही. मी पाहिलेल्या पहिल्याच दिवशी त्यावर होतं: ‘आपले कवी यांची उजवीकडील दाढ काल निघाली. कविता मंगळवारपासून पूर्ववत.’ त्याखाली: ‘आपल्या कथालेखिका माहेरी गेल्या असून कथेचा उत्तरार्ध तिकडेच होईल.’ आणि सगळ्यात खाली: ‘आपले नाटककार यांची म्हैस व्याली. दुसरा अंक लांबणीवर.’ ‘आपले’ हा शब्द ते असा लिहीत की, वाचणाऱ्याला वाटावं, हे कवी आपल्याच घरी जेवायला असतात. तसे ते असतही, आत्याला विचारा. आत्या एकदा चिडून म्हणाली, ‘साऱ्या गावच्या दाढा लिहिताव, माझ्या गुडघ्याची बातमी कवा लावनार?’ आतोबांनी खडू खाली न ठेवता विचारलं, ‘तू कुठं काय लिहिलंस?’ त्यांची एकुलती एक लेक, आमची सुमनआक्का, औरंगाबादेत दिलेली. तिला मुलगी झाल्याचं कळलं तेव्हा मात्र त्यांनी बातमी लावली. एका कवीच्या पडशाखाली, दोन व्याख्यानांखाली, जागा उरली तिथे बारीक अक्षरात: ‘प्रकाशकांस नात झाली.’

आता अफझलगंजच्या त्या गल्लीत मराठी वाचणारं होतं कोण? समोर खाजामियाँ घड्याळजी, शेजारी तेलुगू केळीवाली, पलीकडे अत्तराचं दुकान. फळा मराठी आणि गल्लीला मराठीचा म सुद्धा ठाऊक नाही. पण आतोबांना त्याने फरक पडत नसे. लिहून झालं की ते खडू झटकत रस्ता ओलांडून खाजामियाँच्या फळीवर बसत. खाजामियाँ डोळ्याला भिंग लावून एखाद्या घड्याळाचं पोट उघडून बसलेले असत. मान वर न करता विचारत, ‘हौ भाऊसाब, क्या खबर है आज?’ मग आतोबा सगळा फळा दखनीत वाचून दाखवत, आणि खाजामियाँकडून तो गल्लीभर होई. परिणाम असा झाला की त्या गल्लीत मराठी साहित्याची इत्थंभूत माहिती असलेली माणसं तयार झाली, ज्यांनी मराठीची एक ओळ वाचलेली नव्हती. एरवी घरीच जेवायला येणारे दाढवाले कवी एकदा नवी टोपी घालून आतोबांबरोबर पहिल्यांदाच छापखान्यात आले. आपल्याला गल्लीत कोण ओळखणार अशा विनयाने ते चालत होते. केळीवालीने त्यांना टोपलीपाशीच थांबवलं आणि गालाला हात लावून कळवळून विचारलं, ‘पन्नू नोप्पी तग्गिंदा?’ दात दुखायचा थांबला का, एवढंच तिला हवं होतं. कवी पुढे कित्येक दिवस सांगत फिरायचे की तेलुगू मुलखातही आपला वाचकवर्ग आहे.

आतोबांच्या सगळ्या लेखकांत त्यांचा जीव होता तो गणिताच्या मास्तरांवर. मास्तर सरकारी शाळेत गणित शिकवत आणि सुट्टीत कादंबरी लिहीत. स्वभावाने इतके मऊ की वर्गात कुणाला छडी मारवत नसे, पण कागदावर आले की कर्दनकाळ. गोष्टीच्या शेवटी कुणीतरी मेल्याशिवाय त्यांना उत्तर बरोबर आल्यासारखं वाटत नसे. त्यांची नवी कादंबरी मांजरा नदीकाठच्या केवळा नावाच्या मुलीची होती. बापामागे होडी चालवणारी पोरगी. अख्खा गाव तिच्या होडीतून अल्याड-पल्याड करायचा. ही कादंबरी छापायला घेतली तेव्हा मी कॉलेजात नवीन होते. ती पुरी होईपर्यंत मी पदवी घेतली, नोकरीला लागले आणि माझ्या केसांच्या दोन वेण्यांची एक झाली. कारण आतोबांच्या पेट्यांत खिळे होते ते एका फर्म्यापुरते. एका वेळी छापायची आठ पानं, तो एक फर्मा. तो जुळवायचा, छापायचा, मग तेच खिळे सोडवून पुढच्या आठ पानांना लावायचे. मधेच लग्नसराई आली की केवळाचे खिळे निघून त्यांचं ‘आमचे येथे श्रीकृपेकरून’ होई. एकदा केवळा होडीत पाय ठेवते आहे त्या वाक्याच्या मधोमध पत्रिकांची अशी झोड आली की सबंध लग्नसराई ती एक पाय होडीत आणि एक काठावर ठेवून उभी राहिली. गल्लीला हे रोज फळ्यावरून कळत होतं. खाजामियाँना राहवेना. ‘कब तक खड़ी रहेगी वो बच्ची? पाँव दुखते होंगे उसके. शादियाँ तो होते रहतीं, भाऊसाब!’

त्याच सुमारास राज्याची वाटणी ठरली. निजामाचं जुनं राज्य तीन भाषांच्या तीन वाटांनी जाणार. मराठवाडा मुंबई राज्यात, कानडी मुलूख म्हैसुरात आणि हैदराबाद शहर तेलुगू मुलखाबरोबर आंध्रात. मराठी मुलूख मराठी राज्यात जावा म्हणून जी पत्रकं निघाली होती, ती आमच्याच यंत्रावर छापलेली होती, तीही फुकट. आतोबा स्वतः सभेत जाऊन घसा बसेपर्यंत ओरडून आले होते. मात्र मागणी मान्यच होईल, असं त्यांच्या मनात कधी आलं नसावं. कारण मागणी मान्य झाली आणि त्यांच्या लक्षात आलं की आपले झाडून सगळे लेखक सरकारी नोकर आहेत. कुणी शाळेत, कुणी तहसिलीत, कुणी आबकारीत. सगळ्यांना हुकूम निघाले. औरंगाबाद, नांदेड, परभणी, बीड. मुलूख मराठीला मिळाला आणि आतोबांच्या हाती फळा राहिला.

त्यांनी फळ्यावर ‘बदली’ हा शब्द येऊ दिला नाही. दाढवाले कवी बायको-मुलं, बाजा-पेट्या आणि वरवंट्यासकट ट्रकमध्ये बसून गेले त्या दिवशी फळ्यावर आलं: ‘आपले कवी औरंगाबादच्या दौऱ्यावर आहेत.’ पाठोपाठ कथालेखिका परभणीच्या दौऱ्यावर गेल्या. नाटककार म्हैस विकून बीडच्या दौऱ्यावर गेले. पावसाळा झाला, हिवाळा झाला, दौरे काही संपेनात. खाजामियाँनी भिंग काढून एकदा विचारलंच, ‘क्या जी भाऊसाब, इत्ता लंबा दौरा? वायसराय भी इत्ते दिन नइं रहते थे बाहर.’ आतोबा म्हणाले, ‘बड़े लोगाँ हैं मियाँ. बुलावे बहुत आते.’ आणि मान वळवून केळीवालीच्या टोपलीकडे बघत राहिले.

आत्याचं मन केव्हाच औरंगाबादेला गेलं होतं. तिकडे लेक होती, न पाहिलेली नात होती. दौऱ्यावरच्या लेखकांनीही निरोप धाडला की इकडे या, शाळा निघताहेत, वाचनालयं निघताहेत, छापखाना हवाच आहे, दुकानाची जागा बघून ठेवली आहे. शहाण्या माणसाने विचारच केला नसता. मराठी पुस्तकं छापणाऱ्याने मराठी माणसं जिकडे गेली तिकडे जावं, हे आमच्या गल्लीतल्या तेलुगू केळीवालीलाही पटलं होतं. एका संध्याकाळी आत्याने ताट वाढलं आणि हात धरल्यासारखं समोर बसून विचारलं, ‘कवा निघायचं ते सांगा. पोर बसायला लागली म्हन्तेत. ती चालायच्या आत मला बघायचीय.’ आतोबांनी घास खाली ठेवला. ‘मास्तरांचं पुस्तक झालं की निघू. अर्धं इथं छापलंय, अर्धं तिथं छापलं तर गाव कोनतं टाकू त्याच्यावर?’ पुस्तकाच्या पहिल्या पानावर ते ‘हैदराबाद (दक्षिण)’ असं घालत, आणि ते जुळवताना त्यांचे हात देवाला फुलं वाहिल्यासारखे हळू होत. आत्याने ते मान्य केलं. एवढी वर्षं थांबली, एका पोरीची होडी पोचेपर्यंत थांबायला तिची ना नव्हती. तिने माळ्यावरून पेटी काढली आणि पितळी भांडी जुन्या लुगड्यात बांधायला घेतली.

पुढे मास्तरांचाही नांदेडचा हुकूम निघाला. जाण्याआधी शेवटचं प्रकरण त्यांनी आतोबांच्या हाती दिलं. त्यात मांजराला पूर येतो, गाव पल्याड निघून जातं, केवळा सगळ्यांना उतरवते आणि शेवटच्या खेपेत बुडते. उत्तर बरोबर आलं होतं. निघताना मास्तर एवढंच म्हणाले, ‘छापून झालं की कळवा, न्यायला येतो.’ दुसऱ्या दिवशी फळ्यावर तेही नांदेडच्या दौऱ्यावर गेले.

आता उरला शेवटचा फर्मा. हैदराबादच्या उन्हाळ्यात पापड तासाभरात वाळतात. आतोबांची शाई मात्र वाळेना. फळ्यावर तसं आलंच: ‘शाई वाळत नसल्याने अखेरचा फर्मा खोळंबला आहे.’ मग शाई लावायचा रूळ मऊ पडला. मग कागदाला दमट वास यायला लागला. मग यंत्राचा पाय दुखायला लागला, म्हणजे आतोबांचा. लग्नसराई तर संपली होती, पण ज्यांच्यात मुंजच नसते त्या अत्तरवाल्यालाही मुलाच्या मुंजीची पत्रिका छापायची आहे का, हे त्यांनी विचारून घेतलं. बांधलेल्या भांड्यांतून आत्या रोज लागेल तसं एकेक पातेलं सोडून घेई आणि घासून पुन्हा बांधून ठेवी. तिकडे नात रांगायला लागली.

एका दुपारी आतोबा पावतीपुस्तकं पोचवायला बाजारात गेले असताना आत्या जेवणाचा डबा घेऊन छापखान्यात आली. मी बरोबर होते. आत जुळणीच्या दगडावर काहीतरी स्वच्छ धुतलेल्या धोतराखाली झाकून ठेवलेलं होतं. आत्याला वाटलं पोळ्या असतील; तिने कापड उचललं. खाली शेवटचा फर्मा होता. जुळवलेला, चौकटीत घट्ट आवळलेला, खिळे लखलखीत पुसलेले. यंत्रावर चढवायचा आणि पाय मारायचा, एवढंच काम. ते एका दुपारचं होतं. त्याला शाईचं बोटही लागलेलं नव्हतं. तिथेच भिंतीवरच्या खुंटीला तपासणीसाठी ओढलेली एक जुनी प्रत लटकत होती. आत्याने कापड बाजूला ठेवलं. मग स्टुलावर बसली आणि मला म्हणाली, ‘वाच ते.’ तोवर तिने आतोबांचं एक पुस्तक वाचलं नव्हतं, ऐकलंही नव्हतं. मी वाचायला लागले. केवळाची खबर आहे म्हटल्यावर खाजामियाँ रस्ता ओलांडून दारात येऊन उभे राहिले, आणि मी जमेल तसं त्यांच्यासाठी दखनीत सांगत गेले.

केवळा बुडाली तेव्हा खाजामियाँ भडकलेच. ‘नक्को! एकदम गलत! नदीवाली लड़की पानी में कैसा डूबती? मुसी की तुग्यानी में, वो बड़ी बाढ़ में, हमारे अब्बा दवाखाने के पीछे इमली के झाड़ पे चढ़ के बैठे थे. सारा शहर बह गया, झाड़ पे बैठे सो बच गए. झाड़ नहीं था क्या मास्टरसाब के गाँव में?’ तेवढ्यात आतोबा आले. दगडावरचं उघडं कापड, माझ्या हातातली प्रत आणि आत्याचा चेहरा, सगळं त्यांनी एका नजरेत पाहिलं आणि पोरासारखे दारातच थांबले.  मला वाटलं, आता आत्या बोलेल. आयुष्यभराचं सगळं आज एकदमच निघेल, आणि ते निघालं तर चूक कुणाची म्हणता येणार नाही.

आत्याने कापड उचलून फर्म्यावर पुन्हा नीट घातलं. कडा दाबल्या. म्हणाली, ‘मास्तरला कळवा, शेवट मला पटला नाही. पोरीला बुडवू नका म्हनावं. मियाँ म्हन्तेत तसं चिंचेवर चढवा.’  ती डबा उघडत पुढे म्हणाली, ‘आन चढवली की लगेच उतरवायची घाई करू नका म्हनावं. पानी वसरंपर्यंत बसू द्या तिला तिथंच.’ मग डब्यातली भाजी वाढायला लागली. त्या संध्याकाळी घरी तिने लुगड्याच्या गाठी सोडून पितळी भांडी एकेक करून पुन्हा फळीवर मांडली. ती माझ्याकडे पाठ करून उभी होती, आणि मी तिला तसंच उभं राहू दिलं. नातीला बघायला ती दिवाळीत एकटीच जाऊन आली. पोर तोवर चालत होती. माझ्या आत्याचं त्या माणसावर किती प्रेम होतं, हे मला त्या एका जेवणाच्या डब्याने जेवढं सांगितलं तेवढं पुढे कुणी सांगितलं नाही.

दुसऱ्या दिवशी फळ्यावर बातमी होती: ‘वाचकांच्या आग्रहावरून अखेरच्या प्रकरणात फेरफार सुरू आहेत.’ मास्तर तर टपलेलेच होते. सुट्टी लागली की ते नांदेडहून शेवटचं प्रकरण दुरुस्त करायला येत, खाजामियाँच्या फळीवर बसून चिंचेची उंची ठरवत, आणि आतोबा जुळवलेले खिळे सोडून नव्याने जुळवायला घेत. एका सुट्टीत केवळा पहिल्या फांदीपर्यंत गेली, दुसऱ्या सुट्टीत शेंड्यापर्यंत. मास्तरांना इथे यायला कारण हवं होतं आणि आतोबांना इथे राहायला. दोघांचं भागत होतं. शेवटी पुस्तक निघालं. पहिल्या पानावर ‘हैदराबाद (दक्षिण)’. पाणी ओसरतंय, पल्याडचा गाव हाका मारतोय आणि केवळा झाडावर बसून आपल्या उलट्या झालेल्या होडीकडे बघते आहे, असा शेवट. मास्तर जन्मभर कुरकुरले की उत्तर चुकलं. पहिली प्रत आतोबांनी रस्ता ओलांडून खाजामियाँना नेऊन दिली. मियाँना त्यातलं एक अक्षर येत नव्हतं. त्यांनी ती दुरुस्तीच्या घड्याळांबरोबर काचेच्या कपाटात ठेवली. तोवर औरंगाबादेतली ती दुकानाची जागा एका डाळमिलवाल्याने घेतली होती, आणि जायचा विषय घरात कुणी काढत नव्हतं.

त्यानंतर पुष्कळ वर्षं आतोबा फळा लिहीत राहिले. लेखक दौऱ्यावरच म्हातारे झाले, निवृत्त झाले. त्यांची मुलं मोठी झाली, त्याच्याही बातम्या गल्लीला पोचल्या. मग एका थंडीत, फार कुणाला त्रास न देता, आतोबा गेले. शेवटच्या आजारात त्यांनी मला फक्त एक विचारलं, ‘फळा पुसला का कुनी?’ कुणी पुसला नव्हता.

दिवस झाल्यावर आत्या मला घेऊन छापखाना उघडायला गेली. फळ्यावर जुनी बातमी अर्धवट पुसट झालेली होती. आत्याने पदराने ती पुसली, वाकून कपाटाच्या तळातला खडू घेतला आणि गुडघ्यावर हात ठेवून उठत, शाळेतल्या पहिलीच्या पोरासारख्या मोठ्या वाकड्या अक्षरांत एक ओळ लिहिली. लिहायला तिला खूप वेळ लागला. समोरून खाजामियाँ काठी टेकत आले. आता त्यांना भिंगातूनही फारसं दिसत नसे. फळ्यासमोर उभे राहून त्यांनी मला विचारलं, ‘क्या लिखे बेटा, अम्माँ?’ त्यांना सगळं माहीत होतं. खांदा देणाऱ्यांत तेही होते. पण आतोबा रोज जसं सांगत तसंच त्यांना ऐकायचं होतं. मी वाचलं, ‘आपले प्रकाशक दौऱ्यावर आहेत.’ आणि मग दखनीत सांगितलं.

खाजामियाँ काठी टेकत फळ्याच्या आणखी जवळ गेले. मग आत्याकडे न बघता, फळ्याकडेच बघत म्हणाले, ‘हौ. वापस आने की खबर भी इसीच पे लिखना, अम्माँ. मैं सामनेच बैठा हूँ.’